डावीकडून या ना, काका!

‘पुण्यात सायकल चालवणाऱ्याचे शत्रू किती व कोणते, ते सविस्तर लिहा (मार्क्स १०)’ असा प्रश्न परीक्षेत आला, तर आपल्यापैकी बहुतेकांना पूर्ण मार्क मिळतील. बस, सिग्नल न देता वळणाऱ्या रिक्षा, मागे न बघता उघडणारी कारची दारं, खड्डे आणि रात्रीची कुत्री. उत्तर बरोबर आहे, पण एक मुद्दा राहिला म्हणून माझ्याकडून नऊच. राहिलेला शत्रू म्हणजे समोरून, चुकीच्या बाजूने, मान खाली घालून पायडल मारत येणारा दुसरा सायकलवाला!

‘कॉन्व्हेंटवाले मराठी विभागात कधी लिहिणार?’ असं संपादक मंडळाने नोटीस बोर्डासमोर चारचौघांत विचारलं, म्हणून हा लेख. विषय मात्र माझा आहे आणि रोजचा आहे. मी कोथरूडहून शिवाजीनगरला सायकलने येते. सहा-सात किलोमीटर. हॉस्टेलवाल्यांना याची कल्पना येणं अवघड आहे, कारण नऊच्या लेक्चरला ते आठ पंचावन्नला उठूनही माझ्या आधी पोचतात. असो. सकाळी कर्वे रस्ता, डेक्कन आणि जंगली महाराज रस्ता, संध्याकाळी परत येताना फर्ग्युसन रस्ता. तीन वर्षं हा रस्ता झाला, म्हणजे खड्डे पाठ आहेत.

बसवाल्याचा राग येतो तसा सायकलवाल्याचा येत नाही. वेगळाच येतो. बसवाल्याकडून आपली काही अपेक्षाच नसते. पण सायकलवाला म्हणजे आपला माणूस, असं मनात कुठेतरी असतं. त्यालाही चढ लागतो, त्याचीही चेन पडते, पावसात त्याच्याही पाठीवर चिखलाची रेघ उमटते. असा माणूस समोरून येऊन आपल्यालाच ‘ए, बाजूला हो’ म्हणतो तेव्हा भाऊबंदकी कशाला म्हणतात ते कळतं.

तीन वर्षांच्या निरीक्षणावरून मी त्यांचे तीन प्रकार केले आहेत. पहिला, नाइलाज असलेला. वॉचमन, पेपरवाले, दूधवाले, साइटवर जाणारे बिगारी. यांची काळी जड सायकल असते आणि सरळ मार्गाने गेलं तर लांबचा वळसा पडतो. दुसरा, घाईतला. हा बहुतेक आपल्याच वयाचा, गिअरची सायकल, कानात इअरफोन, एका हातात मोबाइल. तिसरा, रविवारचा. हेल्मेट, गॉगल, टाइट कपडे, महागडी सायकल आणि पहाटे चौघं-पाचजणं एका ओळीत गप्पा मारत. लाल सिग्नलला थांबलं तर यांचा अॅव्हरेज स्पीड पडतो म्हणे! (सगळे असे नसतात. पंक्चर काढायला स्वतःहून थांबलेलेही यांच्यातच भेटले आहेत.)

आता राँग साइडने आलं तर बिघडतं काय? ‘सायकलच तर आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की, एक दिवस वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. मोटारसायकल ताशी ३६, म्हणजे सेकंदाला १० मीटर. दोघांत अंतर ३० मीटर. दोघं एकाच दिशेने जात असतील, तर अंतर सेकंदाला ५ मीटरने कमी होतं. मोटारसायकलवाल्याला ६ सेकंद मिळतात. सायकल समोरून येत असेल, तर वेगांची बेरीज होते, १५ मीटर. हातात उरतात २ सेकंद. आता सिव्हिलवाल्यांनी सांगावं, इंडियन रोड्स काँग्रेस थांबण्याचं अंतर काढताना ड्रायव्हरच्या नुसत्या रिअॅक्शनसाठी किती वेळ धरते? अडीच सेकंद. म्हणजे ब्रेकवर पाय पडायच्या आधीच हिशोब संपला. रस्ता ओला असेल आणि सायकल जुनी, लोखंडी रिमची असेल, तर सायकलवाल्याचा स्वतःचा ब्रेकही नावापुरताच लागतो.

दुसरी गोष्ट गल्ल्यांची. वन-वे रस्त्याला गल्लीतून येऊन मिळणारा ड्रायव्हर फक्त एकाच बाजूला बघतो, जिकडून गाड्या यायच्या तिकडे. उलटा येणारा सायकलवाला नेमका दुसऱ्या बाजूने येतो. ड्रायव्हरची मान तिकडे वळतच नाही. यात ड्रायव्हर बेशिस्त असायचीही गरज नाही, तो अगदी पुस्तकाप्रमाणे चालवत असला तरी धडक होऊ शकते.

हे गणित मी मजा म्हणून मांडलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माझी मैत्रीण आणि मी कॉलेजातून परत जात होतो. ती पुढे, मी दहा-बारा मीटर मागे. दोघी डाव्या कडेने. समोरून गिअरच्या सायकलवर एक मुलगा आला, मोबाइल हातात. तो कडेलाच चिकटून राहिला. मैत्रिणीला जागा उरली ती फक्त उजवीकडे, म्हणजे वाहत्या ट्रॅफिकमध्ये. ती वळली आणि मागून येणाऱ्या स्कूटरचा आरसा तिच्या हँडलला लागला. ती उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

तो मुलगा पुढे जाऊन थांबला, मागे वळून म्हणाला, ‘मी कुठे टच केलं?’ आणि निघून गेला. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. त्याचा तिला धक्काही लागला नव्हता. स्कूटरवरच्या काकूंनी बिचाऱ्यांनी रिक्षा थांबवली, आमच्याबरोबर हॉस्पिटलपर्यंत आल्या, आणि सगळा वेळ त्यांचेच हात थरथरत होते. पण मला खरं लागलं ते गर्दीतल्या एका गृहस्थांचं वाक्य. मैत्रीण फुटपाथवर हात पोटाशी धरून बसली होती आणि ते तिच्याकडे बघून म्हणाले, ‘या सायकलवाल्यांना अक्कलच नसते. कसेही घुसतात.’ जी नियमाने जात होती तिला! तो मुलगा तोपर्यंत दिसेनासा झाला होता, त्यामुळे त्याच्या वाटणीचं बोलणंही तिनेच खाल्लं.

मैत्रिणीची सबमिशन्स कशीबशी पार पडली. जर्नल आम्ही आळीपाळीने लिहून दिलं. (सरांना चार वेगवेगळी अक्षरं दिसली असणारच. ते काही बोलले नाहीत, त्याबद्दल या जाहीर आभार!) पण तिच्या घरच्यांनी सायकल बंद केली. ‘स्कूटी घेऊन देतो, पण सायकल नको.’ म्हणजे एका मुलाच्या मोबाइलपायी पुण्यातली एक सायकल कमी झाली आणि एक स्कूटी वाढली.

माझे आजोबा हे ऐकून म्हणाले, ‘आमच्या वेळी हे चाललं नसतं.’ आजोबांच्या वेळी काहीच चाललं नसतं, हे मला माहीत आहे. पण इथे त्यांच्याकडे पुरावा होता. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळात सायकलला पालिकेचा बिल्ला घ्यावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं, तर पोलीस पकडत, कधी चाकातली हवा सोडून देत. आजोबांच्या सायकलला डायनॅमो होता, चाक फिरलं तर दिवा लागायचा, थांबलं की अंधार. चौकात पोलीस दिसला की जागच्या जागी चाक फिरवून दिवा लावणारे कलाकारही होते म्हणे.

आता बिल्ला गेला. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, आणि साधी पायडलची सायकल ‘मोटार वाहन’ या व्याख्येत बसत नाही. तिला लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, त्यामुळे कॅमेऱ्यात सापडून घरी चलन येण्याची भीती नाही. याचा अर्थ सायकलला कायदाच नाही असा काही जण काढतात, तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. आधीच्या दंड संहितेतही कलम २७९ होतंच. ‘कोणतंही वाहन’ म्हटल्यावर त्यात सायकल आली. पण सकाळी आठ वाजता जंगली महाराज रस्त्यावर मी कुणाला कलम २८१ वाचून दाखवणार? तिथे हातात उरते ती घंटी आणि तोंड.

तोंडाचं काय करायचं, यावर आमच्या ग्रुपमध्ये बराच खल झाला आहे. एक मित्र ओरडतो. त्याचा आवाज चांगला आहे, फिरोदिया करंडकाच्या सिलेक्शनला उपयोगी पडला. रस्त्यावर मात्र त्याला हमखास एकच उत्तर मिळतं, ‘रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?’ मग तोही बापावर जातो, आणि दोन्ही बाप घरी शांतपणे पेपर वाचत बसलेले असतात. राँग साइडचा मुद्दा केव्हाच बाजूला पडतो आणि समोरचा माणूस आणखी ऐटीत राँग साइडनेच पुढे जातो.

आमच्या शाळेत सिस्टर जिन्यावर उभ्या राहून रोज सांगायच्या, ‘कीप लेफ्ट, चिल्ड्रन, अँड से एक्सक्यूज मी.’ त्यातलं ‘कीप लेफ्ट’ जन्मभर पुरेल. पण ‘एक्सक्यूज मी’ कर्वे रस्त्यावर अजिबात चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, ही शिष्ट आहे. इंग्रजीत विनंती केली की ती हुकमासारखी ऐकू येते. चालतं ते ‘काका, डावीकडून या ना!’ ‘या’ च्या पुढचा तो ‘ना’ महत्त्वाचा. आपल्या वयाचा असेल तर ‘दादा, लागेल हं तुला’. लहान पोरगा असेल तर ‘अरे, आई वाट बघतेय ना घरी?’ दर वेळी फरक पडतो असं नाही. दहातले चारपाच हसतात, दोघं-तिघं खरंच बाजू बदलतात, बाकीचे ऐकू न आल्यासारखं करतात. पण भांडण एकदाही झालेलं नाही, आणि मी वेळेवर लेक्चरला पोचते.

आणखी एक गोष्ट मैत्रिणीच्या अपघातानंतर आम्ही ठरवून पाळतो. समोरून कुणी आलं की आपण उजवीकडे जायचं नाही. वेग कमी करायचा, डाव्या कडेलाच थांबायचं, एक पाय फुटपाथवर. जायचं असेल तर त्याने रस्त्याच्या बाजूने जावं. यात हट्ट नाही, साधा विचार आहे. मागून येणाऱ्या गाड्या मला दिसत नाहीत, माझी पाठ आहे त्यांच्याकडे. त्याला त्या समोर दिसतात. मग बाहेर कुणी पडायचं? ज्याला दिसतंय त्याने. नव्याने सायकल घेतलेल्या ज्युनिअर्सनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता पहिल्या प्रकारातल्या एका काकांची गोष्ट. जंगली महाराज रस्त्यावर एका बिल्डिंगमध्ये ते रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सकाळी ड्यूटी संपवून डेक्कनकडे, म्हणजे माझ्या समोरून उलटे येतात. रोज भेट, रोज घंटी. एकदा सिग्नलजवळ ते चहा पीत थांबले होते, तेव्हा मी उतरले.

‘काका, एक विचारू? रागावू नका.’

‘बोल की बाळ.’

‘तुम्ही रोज उलटे येता, भीती नाही वाटत?’

‘वाटती की. पण सरळ जायचं तर आधी पार पुढं जायचं, मग वर फर्ग्युसनला चढायचं, मग माघारी. बारा तास ड्यूटी झाल्यावर पायात जीव ऱ्हातो का?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं घर त्या बाजूला, रस्ता वन-वे, आणि वन-वे करताना मोटारींचा विचार झाला. मोटारीला वळसा म्हणजे थोडं जास्त पेट्रोल, काकांना वळसा म्हणजे गुडघे. या रस्त्याचं नवं डिझाइन झालं तेव्हा फुटपाथच्या बाजूने सायकल ट्रॅक आला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने पूर्ण शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पण ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असल्या की काका पुन्हा रस्त्यावर. त्यांना ‘बेशिस्त’ म्हणून मोकळं होणं मला जमेना, आणि ‘चालू द्या तसंच’ म्हणणंही जमेना, कारण दोन सेकंदांचं गणित काकांनाही सोडणार नाही.

मग मी त्यांना गल्ल्यांचं सांगितलं, ड्रायव्हर एकाच बाजूला बघतो ते. म्हटलं, ‘निदान गल्ली आली की उतरा, सायकल हातात धरून ओलांडा, मग पुन्हा बसा.’ ते म्हणाले, ‘उतरून चालायचं तर सायकल कशापायी घेतली?’ पण दुसऱ्या आठवड्यात बघते तर दोन मोठ्या गल्ल्यांपाशी खरंच उतरत होते. बाकीच्या ठिकाणी नाही. मग मी माझ्या सायकलला लावलेली रिफ्लेक्टर टेप उरली होती ती त्यांच्या पुढच्या चिमट्याला चिकटवून दिली. जुन्या काळ्या सायकलींना मागे लाल रिफ्लेक्टर आणि मडगार्डवर पांढरा पट्टा असतो, पुढे बहुतेक वेळा काहीच नसतं. आणि उलट्या बाजूने येणाऱ्याची पुढचीच बाजू गाडीवाल्याला दिसते. अंधारात ड्यूटीवर जाताना तेवढाच उपयोग. आता काका लांबूनच हात वर करतात आणि स्वतःहून मला डावी बाजू सोडतात. सगळा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. वन-वे अजून तोच आहे.

दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र मला एवढी सहानुभूती नाही, आणि इथे मी थेट हॉस्टेलकडे वळते. रागावू नका! आपल्या मेन गेटसमोर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहून बघा. चहाच्या टपरीपर्यंत जायला डिव्हायडरचा वळसा नको, म्हणून सायकली उलट्या निघतात. अख्ख्या विंगमध्ये मिळून एक सायकल, तिची मालकी गेल्या वर्षी पासआउट झालेल्या सीनिअरकडे, घंटी नाही, मागचा ब्रेक नाही, पुढचा ब्रेक ‘आहे, पण लावू नकोस’ असा, आणि तिच्यावर दोघं. टपरी दोनशे मीटरवर आहे. इथे कुणाच्या गुडघ्यांचा प्रश्न नाही. समोरून त्या वेळी कोण येतं? आपल्याच ऑफिसमधल्या मावशी घरी निघालेल्या असतात, लॅब असिस्टंट काका असतात, आणि सायकलवर निघालेली माझ्यासारखी डे-स्कॉलर मंडळी असतात. एखाद्या दिवशी त्यातल्या कुणाचं तरी मनगट मोडेल, आणि उलटा येणारा खरंच म्हणू शकेल, ‘मी कुठे टच केलं?’

रेक्टर सरांना आणि स्टाफला एक विनंती. गेटसमोरचा वळसा मोठा आहे हे खरं आहे. पायी ओलांडायला तिथे पट्टे मारून मिळाले, तर टपरीला सायकल न्यायचं कारणच उरणार नाही. कॉलेजने पत्र दिलं, तर सह्या गोळा करायचं काम मी करते.

आणि विद्यार्थ्यांसाठी, पुढच्या महिन्यातल्या दर शनिवारी लंच ब्रेकमध्ये मी आणि माझी मैत्रीण सायकल स्टँडवर असू. तिचं प्लास्टर निघालं आहे. घरच्यांशी वाटाघाटी चालू आहेत, तोपर्यंत ती पाने धरायचं काम करेल. वर्कशॉपच्या सरांनी स्पॅनर द्यायचं कबूल केलं आहे. ब्रेकची रबरं तुम्ही आणा, बसवायला आम्ही मदत करू. रिफ्लेक्टर टेप आमची, पुढच्या चिमट्याला आणि मागच्या मडगार्डला. घंटी नसेल तर मात्र विंगमध्ये वर्गणी काढा. सायकल नक्की कुणाची, हे आम्ही विचारणार नाही.